दर अठ्ठावीस दिवसांनी लागणारी बाटली: चार वर्षांच्या वापरानंतर

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही, मेडिकलवालाही नाही. सावद्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या सबमर्सिबल भरून द्यायच्या, हा धंदा. सगळा केळीचा पट्टा, त्यामुळे मार्च ते जून धड जेवायला फुरसत नसते. कुठली वायर टिकते, कुठलं बेअरिंग सहा महिन्यांत आवाज करतं, हे लोक मला विचारत असतात आणि मी सांगतही असतो. पण गेल्या चार वर्षांत दुकानातल्या तांब्यापेक्षा जास्त पैसा माझा एका वेगळ्याच वस्तूवर गेला. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडींची ५ ग्रॅमची बाटली, सलाइनसारखी शिरेतून द्यायची. माझ्या धाकट्या पोराला ती दर अठ्ठावीस दिवसांनी लागते आणि जन्मभर लागणार आहे. एवढं वापरल्यावर दोन शब्द लिहायचा हक्क आपल्याला पोचतो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आतापर्यंत तीन कंपन्यांच्या लावून झाल्या, तिन्हींचं काम मला सारखंच दिसलं. डॉक्टर मॅडम म्हणतात शक्यतो एकच धरा, बदलावी लागली तर पहिल्या वेळी अगदी हळू सोडा. बरोबर आहे, पण बाजारात जी असेल तीच मिळते.

दिसायला वस्तू अगदी साधी. काचेची १०० मिलीची बाटली, वर रबरी बूच, आत किंचित पिवळसर झाक असलेलं पाणी. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मनात आलं, एवढ्या पैशात आमच्याकडे तीन एचपीची मोटार येते. खोक्यावर तीन सूचना असतात: २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका, हलवू नका. या तिन्हींनी आमचं घर चार वर्षं नाचवलंय, ते पुढे येईलच.

पोरगा सहा महिन्यांचा होईपर्यंत गुटगुटीत होता. मग कान वाहायला लागला. तीन वर्षांचा होईपर्यंत तीनदा न्यूमोनिया, दोनदा भुसावळला ॲडमिट, एकदा जळगावला. अँटिबायोटिक दिलं की बरा, महिन्याभराने परत तेच. गल्लीत निदान ठरलेलं होतं, दृष्ट लागली. दुसरं निदान, केळ्याने कफ होतो. रावेर तालुक्यात राहून पोराला केळं दाखवायचं नाही म्हणजे काय ताप असतो ते इथल्या माणसालाच कळेल.

तिसऱ्या वेळी, म्हणजे जळगावला, एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी घशात टॉर्च मारला, पुन्हा मारला, आणि विचारलं, "याचे टॉन्सिल काढलेत का?" आम्ही म्हटलं, नाही. एवढ्या वेळा आजारी पडणाऱ्या पोराचे टॉन्सिल सुजून लिंबाएवढे व्हायला हवेत. याचे जवळजवळ नव्हतेच. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग बायकोला विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला होता का?" ती माझ्याकडे बघायला लागली. तिचा थोरला भाऊ सहाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला होता. घरात त्याचा फोटो आहे, पण बोलत कुणी नाही.

रक्त तपासलं. अँटीबॉडी म्हणजे जंतूला धरणारं प्रोटीन. शरीरातली मुख्य अँटीबॉडी, आयजीजी, त्या वयाला सहाशेच्या आसपास असावी, ती याची नव्वद होती. मग मुंबईला परळला केईएमच्या आवारात जी इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे तिथे पुढची तपासणी झाली. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी जवळपास शून्य. अंगात अँटीबॉडीच तयार न होण्याच्या या आजाराचं नाव लांबलचक आहे, सगळे एक्सएलए म्हणतात.

आता ही बाटली पोराच्या अंगात काय करते हे सांगायचं तर आधी अंगात काय होत नाही ते सांगावं लागेल. हे मला माझ्या भाचीने शिकवलं. ती मायक्रोबायोलॉजी शिकते. दुकानातल्या स्टुलावर बसून, उघड्या स्टेटरवर बोट ठेवून तिने सांगितलं. मी माझ्या भाषेत बदलून घेतलं, चुकलं तिथे तिने कान धरला.

पहिली चूक तर नावातच झाली. मी समजत होतो, हाडातल्या मज्जेत तयार होते, हाड म्हणजे बोन, म्हणून बी पेशी. भाची हसली. "मामा, तो बी कोंबडीचा आहे." कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेला लागून एक पिशवी असते, बर्सा ऑफ फॅब्रिशियस म्हणतात तिला. ही कशासाठी आहे ते कुणाला माहीत नव्हतं. अमेरिकेत ओहायोला ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबड्यांच्या त्या पिशव्या काढून काय होतं ते बघत होता. काहीच होत नव्हतं. दुसऱ्या एकाला वर्गात अँटीबॉडी कशा तयार होतात ते दाखवायचं होतं, त्याने ग्लिकच्या कोंबड्या नेल्या, जंतू टोचले, आणि प्रयोग फसला. अँटीबॉडी तयारच झाल्या नाहीत. त्या पिशवीतच कारखाना होता! १९५६ मध्ये हे कोंबडीपालनाच्या शास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं आणि बरीच वर्षं कुणी वाचलं नाही. माणसाला ती पिशवी नसते, आपला कारखाना हाडाच्या मज्जेतच. पण बर्साचा बी तसाच राहिला. वर्गात प्रयोग फसला म्हणून रडणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो.

अँटीबॉडी दिसते गलोलीच्या बेचक्यासारखी. दोन जड साखळ्या, दोन हलक्या. बेचक्याच्या दोन टोकांना जंतू अडकतो. प्रत्येक जंतूचा आकार वेगळा, म्हणून टोकंही वेगळी लागतात. इथे शास्त्रज्ञ अडले होते. माणसाकडे प्रोटीन बनवायचे जीन सगळे मिळून वीस हजारांच्या आसपास, आणि जंतू तर अगणित. शिवाय उद्या येणारा जंतू आज अस्तित्वातच नाही, त्याचा जीन आधीच कसा ठेवणार? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मोटारीसाठी मी वेगळा तयार आर्मेचर आणि स्टेटर शेल्फवर ठेवायचा म्हटलं तर सावदा गाव पुरणार नाही. मी काय ठेवतो? चार-पाच गेजच्या वायरी, कागद, स्लीव्ह, फॉर्मा. त्यातून लागेल ते बनतं.

शरीरही तेच करतं, हे जपानच्या सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला दाखवलं. उंदराच्या गर्भातला डीएनए आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीतला डीएनए त्यांनी शेजारी ठेवून तपासला. गर्भात जे तुकडे लांब लांब होते ते या पेशीत जवळ आलेले निघाले. म्हणजे ही पेशी आपला डीएनए स्वतः कापून पुन्हा जोडते. तोवर बहुतेक सगळे समजत होते की डीएनए जन्मापासून मरेपर्यंत जसाच्या तसा राहतो. १९८७ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

जड साखळीसाठी तीन पेट्या आहेत. व्ही नावाच्या पेटीत कामाचे ४० च्या आसपास तुकडे, डी मध्ये २३, जे मध्ये ६. पेशी प्रत्येक पेटीतून एक उचलते आणि मधला डीएनए कापून टाकते. कापायची कात्री म्हणजे रॅग-१ आणि रॅग-२ ही दोन प्रोटीनं. एवढ्याचाच गुणाकार ५,५२० होतो. हलक्या साखळीच्या पेट्या वेगळ्या, तिथे तीनशेच्या वर जोड्या होतात. दोन्ही गुणले की सतरा-अठरा लाख. मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. भाची म्हणाली, थांबा मामा, अजून खरी गंमत जोडात आहे. तुकडे जोडताना एक एन्झाइम मधे डीएनएची चार-दोन अक्षरं वाटेल तशी घुसडतं. कुणाची नक्कल करून नाही, मनाला येईल तशी! आणि बेचक्याचं टोक नेमकं त्याच जोडापाशी येतं. त्यामुळे प्रकार लाखांवरून इतक्या कोटींवर जातात की माझा कॅल्क्युलेटर आठ आकड्यांवर संपला.

पण अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. वाटेल तशी घुसडली की गट मोडतो. साधारण तीनातले दोन जोड भंगारात जातात. असा स्क्रॅप माझ्या दुकानात निघाला असता तर मी केव्हाच केळीच्या गाडीवर हमाली करत असतो. शरीराला परवडतं, कारण पेशींना तोटा नाही.

एवढा बेभरवशाचा माल म्हटल्यावर टेस्टिंग कडक असणारच. आमच्याकडे सिरीज लॅम्प असतो. अर्ध्यावर काम झालं की वाइंडिंगच्या दोन टोकांना लावून बघायचं, दिवा लागला तर पुढे जायचं. बी पेशीतही आधी जड साखळी तयार होते. मग तिच्यासोबत तात्पुरती नकली हलकी साखळी जोडून ती पेशीच्या बाहेरच्या बाजूला लावतात. जोडी नीट बसली की आत सिग्नल जातो: ठीक आहे, वाढ, आता खरी हलकी साखळी बनव. सिग्नल आला नाही तर पेशी मरते. पुढची टेस्ट मला सगळ्यांत आवडली. मोटार भरून झाली की आम्ही मेगर लावतो, बॉडी शॉर्ट आहे का बघायला. वाइंडिंग बॉडीला टेकलं असेल तर करंट बाहेर येऊन शेतकऱ्यालाच मारेल. मज्जेतही हेच बघतात. नवी बी पेशी आपल्याच शरीराला चिकटते का? चिकटली तर हलकी साखळी पुन्हा भरायची संधी मिळते, तरी जमलं नाही तर पेशी रद्द. भाचीला म्हटलं, म्हणजे बॉडी शॉर्ट! ती म्हणाली, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत, पण आहे ते असंच.

माझ्या पोराचं अडतं ते पहिल्या दिव्यापाशी. कात्री ठीक आहे, पेट्या भरलेल्या आहेत, जड साखळी तयार होते, नकली हलकी साखळीही येते. पण आतला निरोप पुढे नेणारं बीटीके नावाचं प्रोटीन त्याच्यात बिघडलेलं आहे. वाइंडिंग उत्तम, सिरीज लॅम्पची वायर तुटलेली. दिवा लागत नाही म्हणून कारखाना चांगला मालसुद्धा भंगारात टाकतो, रोज, जन्मल्यापासून. हे कळलं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

१९५२ मध्ये अमेरिकेच्या लष्करातले बालरोगतज्ज्ञ ओग्डेन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा यायचा, पुन्हा पुन्हा न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूचं इन्फेक्शन. त्यांनी त्याचं रक्त नव्या यंत्रात तपासलं तर गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे अँटीबॉडी ज्यात असतात तो पट्टाच गायब. मग त्यांनी दुसऱ्यांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन त्याला टोचायला सुरुवात केली आणि इन्फेक्शन थांबलं. माझ्या हातातली बाटली म्हणजे त्याच इंजेक्शनची पुढची पिढी. बिघडलेला जीन सापडला १९९३ मध्ये, बीटीके मधला बी ब्रूटनचा. हा बी तरी माणसाचा आहे.

सहा महिने पोरगा ठणठणीत कसा राहिला? पोटात असताना आईच्या आयजीजी नाळेतून त्याला मिळाल्या होत्या. आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. निम्म्याची निम्मी होत सहा महिन्यांत साठा संपला. हाच हिशोब बाटलीलाही लागू, म्हणून अठ्ठावीस दिवस.

हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. मुलाला एक्स एकच, आणि तो आईकडून येतो. हे कळल्यावर आमच्या नात्यातल्या काही बायांनी माझ्या बायकोला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. एका मावशींनी विचारलं, तिच्यात दोष आहे तर तिला कसं काही होत नाही? याचं उत्तर मी चारचौघांत दिलं, अजूनही देतो. बाईला दोन एक्स असतात. प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू, दुसरा बंद, चेंजओव्हर स्विचसारखा. कुठल्या पेशीत कुठला चालू, ते नशीब. ज्या पेशीत बिघडलेला चालू होता ती बी पेशी त्या टेस्टमध्ये मेली, ज्यात चांगला चालू होता ती पुढे गेली. म्हणून हिच्या अंगात फिरणारी झाडून सगळी बी पेशी चांगल्या एक्सवर चालते. मावशींना किती कळलं माहीत नाही. सासूबाईंना मात्र कळलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तेव्हा त्याचं काही चुकलं नव्हतं आणि माझंही नव्हतं.

आता मूळ मुद्दा, बाटलीत काय आहे. एका लॉटसाठी कमीत कमी हजार माणसांचं प्लाझ्मा एकत्र करावं लागतं, बहुतेक कंपन्या कित्येक हजारांचं करतात. थंड अल्कोहोलने वगैरे वेगळं करून, विषाणू मारून, शेवटी आयजीजी उरते. म्हणजे हजारो लोकांना आजवर झालेले गोवर, न्यूमोनिया, खोकले आणि त्यांनी घेतलेल्या लसी, या सगळ्यांवर त्यांच्या बी पेशींनी काढलेलं उत्तर त्या १०० मिलीत आहे. आणि उत्तर पक्कं झालेलं. जंतू आल्यावर गाठींमध्ये बी पेशी आपल्या अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम चुका करतात, एआयडी नावाचं एन्झाइम ते घडवतं. जास्त घट्ट धरणारी पेशी टिकते, बाकीच्या जातात. आठवडे चालणारं ते काम दुसऱ्यांच्या अंगात होऊन गेलेलं असतं.

अशा वेगवेगळ्या उत्तरांची किंमत मला आमच्या शेजारच्या नानांच्या केळीने समजली. टिश्यूकल्चरची जी-नऊ जात, पाच हजार खोडं, सगळी एकाच झाडाची नक्कल. घड एकसारखा, कापणी एका वेळी, व्यापारी खूश. मग एका पावसाळ्यात सीएमव्ही हा विषाणू आला, पानं पिवळी पट्ट्यापट्ट्यांची. एका खोडाला लागला तो सगळ्यांना लागला, कुठल्याच खोडाकडे वेगळं उत्तर नव्हतं. नाना खोडं उपटून बांधावर टाकत होते आणि मी थर्माकोलच्या डब्यात बाटली घेऊन बसमधून उतरत होतो. बाटलीत बरोबर याच्या उलट माल आहे. एकसारखी दोन माणसं त्यात सापडणार नाहीत.

काम करते का? करते, आणि त्याबद्दल मी पूर्ण मार्क देतो. सुरू केल्यावर चार वर्षांत एकही न्यूमोनिया नाही, एकदाही ॲडमिट नाही. पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी तपासलं तरी आयजीजी साडेसहाशे-सातशे निघते. सुरुवातीला तो १२ किलोचा होता, एक बाटली पुरायची. आता २१ किलो, दोन लागतात. पोरगा वाढतो याचा आनंद मानायचा की बाटल्या वाढतात याचा हिशोब करायचा, असा आमचा दर सहा महिन्यांचा प्रश्न.

किंमत हा मोठा मायनस. माझ्या हातात एक बाटली साडेअकरा ते चौदा हजारांना पडते. छापील किंमत बरीच वर असते आणि घासाघीस केल्याशिवाय कुणी खाली येत नाही. पहिल्या वर्षी मी छापील किंमत मोजत होतो, कारण औषधात घासाघीस करायची असते हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही करा. दोन-तीन ठिकाणी फोन करा, लॉट नंबर आणि एक्सपायरी आधी विचारा.

थंडी सांभाळणं हा दुसरा. जळगावहून सावदा, भुसावळमार्गे, तापी ओलांडून, एसटीत दोन तास धरून चाला. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश. एका दुकानदाराने मला मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाटल्या काळ्या पॉलिथिनमध्ये घालून दिल्या, वर म्हणाला, "काही होत नाही भाऊ, तासाभराचा तर प्रवास." मी तिथेच परत केल्या. पण फक्त त्याला कशाला नावं ठेवू, माझी चूक त्याहून महागात गेली. दुसऱ्याच वर्षी मी हुशारी करून बर्फाच्या जेलपिशव्या थेट बाटलीला चिकटवल्या. घरी आलो तर खालचा भाग गोठलेला. वितळल्यावर दिसत होती पहिल्यासारखीच, पण मॅडम फोनवर म्हणाल्या, फेकून द्या. बारा हजार मोरीत. तेव्हापासून बाटली आणि पिशवीमध्ये वर्तमानपत्राचे चार थर. घरचा फ्रीज इन्व्हर्टरवर घेतलाय, त्याचं कनेक्शन मात्र मी स्वतः केलं.

लावायला चार-साडेचार तास. बाटली आधी बाहेर काढून ठेवायची, थंडगार सोडायची नाही. सुरुवात तासाला १० मिली, मग दर अर्ध्या तासाने वाढवत. हा वेगच सगळं ठरवतो. एकदा नव्या सिस्टरनी जेवणाची सुट्टी गाठायला ड्रिप मोकळी सोडली, वीस मिनिटांत पोराला हुडहुडी भरली आणि डोकं धरून बसला. थांबवून पुन्हा हळू लावली तर काही झालं नाही. आता मी स्वतः थेंब मोजतो, सिस्टर लोकांना राग येतो, येऊ दे. आदल्या दिवशी भरपूर पाणी पाजलं की दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी कमी होते.

बाटली काय करत नाही तेही ऐका. हिच्यात जवळपास सगळी आयजीजी. नाकातोंडाच्या आतल्या ओल्या भागावर पहारा करणारी आयजीए यात नसल्यात जमा, म्हणून सर्दी, सायनस, कान हे अधूनमधून चालूच. आणि बाटली शिकत नाही. उद्या नवीन जंतू आला तर रक्त देणाऱ्यांना तो आधी व्हायला हवा, मग पुढच्या लॉटमध्ये उत्तर येणार. पोराच्या अंगात अँटीबॉडीची स्वतःची आठवण तयारच होत नाही.

त्यातून पोलिओचं निघतं. जिवंत विषाणूची तोंडाची लस अशा पोरांना द्यायची नाही, घरातल्या इतर लहान मुलांनाही नाही, कारण तो विषाणू विष्ठेतून याच्यापर्यंत येऊ शकतो. पल्स पोलिओच्या रविवारी ताई दारात येतात, थोरल्या मुलीलाही आम्ही थेंब देत नव्हतो, तिला इंजेक्शनची लस दिलेली. पहिल्या वर्षी मोठं भांडण झालं, आम्हाला अडाणी समजून समजावत होत्या. आता त्याच ताई येतात, मॅडमची चिठ्ठी बघतात, चहा घेतात, आणि पोराच्या हट्टासाठी त्याच्या करंगळीला नुसतीच शाई लावून जातात.

अजून एक टीप, फुकट देतो. बाटली चालू असताना, अमुक जंतूची अँटीबॉडी अंगात आहे का हे बघणारी रक्ताची तपासणी भरवशाची नाही. एका लॅबने याच्या रक्तात हिपॅटायटिस बी ची अँटीबॉडी भरपूर निघाली म्हणून "लस छान लागू पडली" असं सांगितलं. ती अँटीबॉडी कुणा दात्याची होती. याच्या अंगात लसीने अँटीबॉडी तयारच होत नाही.

पाचपैकी किती? कामाला पाच. किमतीला एक. पॅकिंगला तीन, कारण स्टिकर सोलून निघतं. ते मला आवडतं. कुठल्या लॉटने काय झालं हे लिहून ठेवा असं मॅडमनी सांगितलंय, मी ते दुकानाच्या वाइंडिंग डायरीतच चिकटवतो. एका पानावर ५ एचपी, २४ स्लॉट, किती टर्न, कुठला गेज. समोरच्या पानावर लॉट नंबर, एक्सपायरी, किती वेळ लागला, डोकं दुखलं की नाही. दुकानात येणारे विचारतात, "काय भो, ही कुठल्या कंपनीची मोटार?" आता स्टिकर पोरगाच चिकटवतो, तिरकं चिकटवतो, आणि त्याखाली स्वतःचं वजन लिहितो. पुढची तारीख येत्या सोमवारी आहे. रविवारी जळगावला जायचंय, चार जुने पेपर डब्यात घालून ठेवलेत.